व्हिडिओ पोकरमधील अपेक्षित मूल्य आणि अपेक्षित परतावा: पत्त्यांचा कॅट समोर ठेवून करायची आकडेमोड

व्हिडिओ पोकर या खेळात दोन प्रश्नांची उत्तरे नेमक्या आकड्यांत मिळू शकतात. हातात आलेल्या पाच पत्त्यांपैकी कोणते ठेवावेत आणि कोणते बदलावेत, हा पहिला प्रश्न. हे यंत्र लावलेल्या दर शंभर रुपयांमागे दीर्घकाळात सरासरीने किती रुपये परत करते, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर अपेक्षित मूल्य देते, दुसऱ्याचे अपेक्षित परतावा. ही दोन्ही उत्तरे साध्या गुणाकार-बेरजेने काढता येतात, आणि ती स्वतः काढून पाहिल्याशिवाय त्यांचा अर्थ मनात पक्का बसत नाही, असा माझा अनुभव आहे.

ठाण्यात नौपाड्यात मी बारावीच्या विद्यार्थ्यांना संख्याशास्त्र शिकवते. संभाव्यतेच्या धड्यात 52 पत्त्यांच्या कॅटवरची उदाहरणे मुलांनी दहावीतच सोडवलेली असतात. बदामचा पत्ता येण्याची संभाव्यता ती झोपेतही सांगतात. परंतु त्या पत्त्याला बक्षिसाची रक्कम जोडली की काय होते, हे बहुतेकांनी करून पाहिलेले नसते. गोव्याच्या सहलीहून परतलेले माजी विद्यार्थी कॅसिनोतल्या यंत्राबद्दल विचारतात, काही जण मोबाइलवर विनापैशाचे सरावाचे ॲप वापरतात आणि पडद्यावर दिसणाऱ्या ‘99.54 टक्के’ या आकड्याचा भलताच अर्थ लावतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

कायद्याची स्थिती आधीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. 1976 मध्ये केलेला कॅसिनोविषयक कायदा कधी अंमलात आलाच नाही आणि 2023 मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय सरकारने घेतला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने 2025 मध्ये कायदा करून देशभर बंदी घातली आहे. त्यामुळे पुढची सगळी आकडेमोड पत्त्यांचा कॅट, कागद आणि पेन घेऊन घरच्या टेबलावर करायची आहे. जांभळी नाक्याच्या बाजारात मिळणारा साधा कॅट त्यासाठी पुरतो. त्यातले जोकर तेवढे बाजूला काढावेत.

खेळाची रचना

यंत्र 52 पत्त्यांमधून पाच पत्ते वाटते. खेळाडू त्यातले हवे तेवढे ठेवतो, बाकीचे टाकतो, आणि टाकलेल्या पत्त्यांच्या जागी उरलेल्या 47 पत्त्यांमधून नवे पत्ते येतात. बदल एकदाच करता येतो. शेवटी जे पाच पत्ते हाती राहतात, त्यांच्यानुसार यंत्रावर छापलेल्या तक्त्याप्रमाणे बक्षीस मिळते. समोर दुसरा खेळाडू नसल्यामुळे भुलवणे, अंदाज घेणे यांना येथे वाव नाही, आणि म्हणूनच हा खेळ पूर्णपणे गणिताच्या कक्षेत येतो. अमेरिकेत सी रेड यांच्या कंपनीने 1979 च्या सुमारास ‘ड्रॉ पोकर’ हे यंत्र बाजारात आणल्यावर तो लोकप्रिय झाला.

या लेखात ‘जॅक्स ऑर बेटर’ हा मूळ प्रकार घेतला आहे. त्यात गुलाम, राणी, राजा किंवा एक्का यांची जोडी असेल तरच जोडीला बक्षीस मिळते. दश्शीची किंवा त्याखालची जोडी रिकामी जाते. पाच नाणी लावली असता, लावलेल्या एका नाण्यामागे मिळणारी बक्षिसे पुढीलप्रमाणे असतात.

रॉयल फ्लश (एकाच रंगाचे एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी): 800
स्ट्रेट फ्लश (एकाच रंगाचे सलग पाच पत्ते): 50
एकाच दर्जाचे चार पत्ते: 25
फुल हाऊस (एका दर्जाचे तीन आणि दुसऱ्याचे दोन): 9
फ्लश (पाचही पत्ते एका रंगाचे): 6
स्ट्रेट (सलग पाच पत्ते, रंग कोणतेही): 4
एकाच दर्जाचे तीन पत्ते: 3
दोन जोड्या: 2
गुलाम किंवा त्यावरची एक जोडी: 1

रंग म्हणजे इस्पिक, बदाम, चौकट आणि किलवर. तीन पत्ती खेळणारे ज्याला कलर आणि सिक्वेन्स म्हणतात, तेच येथे फ्लश आणि स्ट्रेट. फरक इतकाच की येथे ते तीन नव्हे, पाच पत्त्यांचे असावे लागतात.

तक्ता वाचताना एक गोष्ट कटाक्षाने ध्यानात घ्यावी. बक्षिसाच्या आकड्यात आपण लावलेली रक्कम धरलेली असते. एक नाणे लावून राजाची जोडी लागली आणि एक नाणे मिळाले, म्हणजे नफा शून्य. आपलेच नाणे परत आले. दोन जोड्यांना मिळणारी दोन नाणी म्हणजे प्रत्यक्षात एका नाण्याचा नफा. पडद्यावर ‘जिंकलात’ अशी अक्षरे चमकत असली तरी हिशोब याच पद्धतीने करायचा.

अपेक्षित मूल्य म्हणजे काय

प्रत्येक शक्य निकालाची संभाव्यता आणि त्या निकालाला मिळणारी रक्कम यांचा गुणाकार करावा, आणि असे सर्व गुणाकार एकत्र मिळवावेत. येणारी बेरीज म्हणजे अपेक्षित मूल्य. ही कल्पना मुळात जुगाराच्याच प्रश्नांतून जन्मली: अर्धवट राहिलेल्या डावातील रक्कम दोन खेळाडूंत कशी वाटावी, यावर पास्कल आणि फर्मा यांच्यात 1654 मध्ये पत्रव्यवहार झाला, आणि हायगेन्स यांनी 1657 मध्ये तिची पद्धतशीर मांडणी केली.

एक अगदी छोटा खेळ घ्या. आपण 10 रुपये लावायचे आणि पिसलेल्या कॅटमधून एक पत्ता ओढायचा. तो गुलाम, राणी किंवा राजा निघाला तर 40 रुपये मिळतात, नाहीतर काहीच नाही. असे पत्ते 12 आहेत, म्हणून अपेक्षित मूल्य 12 भागिले 52 गुणिले 40, म्हणजे 9.23 रुपये. दहा रुपये देऊन आपण सरासरी 9.23 रुपयांची वस्तू घेत आहोत. परतावा 92.3 टक्के, आणि दर डावाला सरासरी तोटा 77 पैसे. लक्षात घ्या की कोणत्याही एका डावात 9.23 रुपये हातात पडत नाहीत. एकतर 40 मिळतात, नाहीतर शून्य. अपेक्षित मूल्य ही पुष्कळ डावांची सरासरी असते, पुढच्या डावाचे भाकीत नव्हे.

पहिला हात: फ्लशकडे जावे की जोडी ठेवावी

आता कॅटमधून पुढील पाच पत्ते काढून टेबलावर उताणे मांडा: बदामचा राजा, बदामची नव्वी, बदामची छक्की, बदामची दुर्री आणि इस्पिकचा राजा. उरलेले 47 पत्ते रंगांनुसार चार ओळींत लावा. चौकट आणि किलवर यांच्या ओळी पूर्ण तेराच्या आहेत, इस्पिकच्या ओळीत बारा पत्ते आहेत आणि बदामच्या ओळीत नऊ. पुढे येणारा प्रत्येक पत्ता या चार ओळींतूनच येणार आहे, आणि 47 पैकी कोणताही पत्ता येण्याची शक्यता सारखीच आहे. एवढे डोळ्यांसमोर असले की अर्धे काम झाले.

येथे विचारात घेण्याजोगे पर्याय दोन आहेत. एक, इस्पिकचा राजा टाकून बदामचे चार पत्ते ठेवायचे आणि फ्लशसाठी एक पत्ता घ्यायचा. दोन, राजाची जोडी ठेवून बाकीचे तीन बदलायचे.

पहिला पर्याय आधी मोजू. बदामच्या ओळीत नऊ पत्ते आहेत. त्यांपैकी कोणताही आला तर फ्लश, बक्षीस 6, म्हणजे 54. चौकटचा किंवा किलवरचा राजा आला तर राजाची जोडी, बक्षीस 1, म्हणजे आणखी 2. बाकी 36 पत्त्यांवर काही मिळत नाही. एकूण 56, भागिले 47, म्हणजे 1.19.

दुसऱ्या पर्यायाला थोडे जास्त श्रम पडतात, पण एकदा तो मोजला की त्याचा उपयोग पुढे अनेक हातांना होतो. 47 पत्त्यांमधून तीन पत्त्यांचे वेगवेगळे संच 47 गुणिले 46 गुणिले 45 भागिले 6, म्हणजे 16,215 होतात. ते असे विभागले जातात:

उरलेले दोन्ही राजे येणे: सोबत तिसरा पत्ता 45 पैकी कोणताही, म्हणून 45 संच.

फुल हाऊस: त्याचे दोन मार्ग आहेत. एक राजा आणि सोबत कोणतीतरी जोडी. नव्वी, छक्की आणि दुर्री यांचे तीन-तीनच पत्ते उरले असल्यामुळे त्यांच्या प्रत्येकी 3 जोड्या होतात, आणि पूर्ण चार पत्ते शिल्लक असलेल्या इतर नऊ दर्जांच्या प्रत्येकी 6, मिळून 63 जोड्या. दोनपैकी कोणताही राजा चालतो, म्हणून 126 संच. दुसरा मार्ग म्हणजे एकाच दर्जाचे तीन पत्ते येणे, त्याचे 39 संच. एकूण 165.

तीन राजे: एक राजा आणि जोडी न होणारे दोन पत्ते. 45 पत्त्यांतून दोन पत्त्यांचे संच 990, त्यांतून 63 जोड्या वजा करून 927, दोन राजांसाठी 1,854.

दोन जोड्या: 63 पैकी एक जोडी आणि तिसरा पत्ता वेगळ्या दर्जाचा, असे 2,592 संच.

उरलेले 11,559 संच राजाची जोडी होती तशीच ठेवतात.

आता गुणाकार: 45 गुणिले 25 म्हणजे 1,125, 165 गुणिले 9 म्हणजे 1,485, 1,854 गुणिले 3 म्हणजे 5,562, 2,592 गुणिले 2 म्हणजे 5,184, आणि 11,559 गुणिले 1. बेरीज 24,915. तिला 16,215 ने भागले की 1.54 येतात.

फ्लशकडे जाण्याचे मूल्य 1.19 आणि जोडी ठेवण्याचे 1.54. गणपतीच्या जागरणात वर्षानुवर्षे पत्ते खेळलेल्या मंडळींपुढे हा हात मांडला तर त्यांतील बरेच जण चार बदाम पाहून जोडी फोडतात, कारण सहापट बक्षीस डोळ्यांसमोर नाचत असते. पण 47 पैकी 36 वेळा ते रिकाम्या हाताने परततात, आणि जोडी ठेवणाऱ्याचे निदान लावलेले नाणे तरी कधीच जात नाही.

त्याच मोजणीचा दुसरा उपयोग

आता राजे बाजूला काढून त्यांच्या जागी छक्क्या ठेवा: बदामची छक्की, इस्पिकची छक्की, आणि बदामचीच दश्शी, अठ्ठी व तिर्री. प्रश्न तोच आहे. फ्लशचे मूल्य 54 भागिले 47, म्हणजे 1.15, कारण आता राजाच्या जोडीचे ते दोन पत्ते कामाचे राहिले नाहीत. जोडीचे मूल्य काढण्यासाठी मात्र पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागत नाही. संचांची विभागणी जशीच्या तशी राहते. फक्त 11,559 संचांना आता एकाऐवजी शून्य मिळते, कारण छक्कीच्या जोडीला बक्षीस नाही. म्हणून 24,915 वजा 11,559, म्हणजे 13,356, भागिले 16,215. उत्तर 0.82.

निर्णय उलटला. मोठी जोडी (गुलाम किंवा त्यावरची) असेल तर फ्लशचा मोह टाळावा, लहान जोडी असेल तर फ्लशकडे जावे. हे नियम पाठ करून येतात, परंतु ज्याने 11,559 ही एकच ओळ बदलल्याने निर्णय फिरताना पाहिला आहे, त्याला ते पाठ करावे लागत नाहीत. याच धाग्याने आणखी एक तुलना चटकन होते. सलग चार पत्ते हातात असून दोन्ही टोके उघडी असतील आणि त्यांत एकही मोठा पत्ता नसेल, तर स्ट्रेट पूर्ण करणारे पत्ते 8, मूल्य 32 भागिले 47, म्हणजे 0.68, लहान जोडीच्या 0.82 पेक्षा कमी. मधला पत्ता हवा असेल तर असे पत्ते चारच, मूल्य 16 भागिले 47, म्हणजे 0.34. पाचही पत्ते टाकून नवे घेतले तर सरासरी सुमारे 0.36 मिळतात, त्यामुळे मधल्या पत्त्याच्या आशेवर मोठा पत्ता नसलेले चार पत्ते धरून बसण्यात तोटा आहे.

हातचे बक्षीस सोडावे का

इस्पिकचे एक्का, राजा, राणी, गुलाम आणि सत्ती आले आहेत असे समजा. फ्लश तयार आहे, सहा नाणी निश्चित आहेत. सत्ती टाकून रॉयलसाठी एक पत्ता घ्यावा का?

सत्ती टाकल्यावर इस्पिकच्या ओळीत आठ पत्ते उरतात. त्यातली दश्शी आली तर 800. इतर सात आले तर पुन्हा फ्लश, 42. बाकी तीन रंगांच्या दश्श्या आल्या तर स्ट्रेट, 12. एक्का, राजा, राणी, गुलाम यांचे उरलेले प्रत्येकी तीन पत्ते जोडी करतात, 12. एकूण 866, भागिले 47, म्हणजे 18.43. निश्चित सहाच्या तुलनेत हे तिपटीहून जास्त आहे.

येथे बहुतेकांचे मन अडते, आणि ते अडणे स्वाभाविक आहे. 47 पैकी 24 वेळा काहीच मिळत नाही, म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा हातातले सहा नाण्यांचे बक्षीस सोडून दिल्याचा पश्चात्ताप होणार. तरीही अपेक्षित मूल्याच्या दृष्टीने सत्ती टाकणेच योग्य आहे. जास्त वेळा काय घडते आणि सरासरीने जास्त काय मिळते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. या खेळातील बहुतेक चुका पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला लावल्यामुळे होतात. हात स्ट्रेट फ्लशचा असेल, उदाहरणार्थ राजा ते नव्वी, तर गोष्ट वेगळी: हातातले 50 हे रॉयलच्या आशेच्या मूल्याहून पुष्कळ जास्त आहेत, म्हणून तो हात मोडू नये.

दुसरी एक सवय रमी आणि तीन पत्ती खेळणाऱ्यांकडून येते: जोडीसोबत एक्का धरून ठेवणे. दोन राजे, एक एक्का, एक नव्वी आणि एक चौकी आहे. एक्का धरून दोनच पत्ते बदलले तर 1,081 संच होतात. त्यांत चार राजे 1, फुल हाऊस 9, तीन राजे 84, दोन जोड्या 186 आणि नुसती जोडी 801. बेरीज 1,531, मूल्य 1.42. एक्का टाकला असता तर 1.54 मिळाले असते. 50 रुपयांच्या डावात हा एक्का धरण्याची किंमत सुमारे 6 रुपये आहे.

डावांच्या मूल्यापासून यंत्राच्या परताव्यापर्यंत

पहिल्या वाटपात 25,98,960 वेगवेगळे हात येऊ शकतात. प्रत्येक हातात पाचपैकी प्रत्येक पत्ता ठेवायचा किंवा टाकायचा, असे 32 पर्याय असतात. प्रत्येक हातासाठी सर्वांत जास्त मूल्याचा पर्याय निवडायचा आणि त्या सर्व मूल्यांची सरासरी काढायची. ती सरासरी म्हणजे यंत्राचा अपेक्षित परतावा. रंगांची अदलाबदल केल्याने सारखेच ठरणारे हात एकत्र केले तर 1,34,459 प्रकार उरतात, आणि संगणक हे काम क्षणात करतो. वरच्या तक्त्यासाठी त्याचे उत्तर 99.54 टक्के आहे.

या 99.54 टक्क्यांत कोणाचा किती वाटा आहे, हे पाहणे सर्वांत उद्बोधक आहे. योग्य खेळ केल्यास शेवटच्या हातांत मोठी जोडी सुमारे 21.46 टक्के वेळा येते आणि परताव्यात तेवढेच टक्के घालते. दोन जोड्या 12.93 टक्के वेळा येऊन 25.86 घालतात, तीन सारखे पत्ते 7.44 टक्के वेळा येऊन 22.33. स्ट्रेटचा वाटा 4.49, फ्लशचा 6.61, फुल हाऊसचा 10.36, चार सारख्यांचा 5.91 आणि स्ट्रेट फ्लशचा 0.55. रॉयल फ्लश साधारण 40,391 डावांत एकदा येते आणि परताव्यात 1.98 घालते. उरलेल्या 54.54 टक्के डावांत काहीच मिळत नाही.

आता दोन यंत्रांची तुलना तक्ता पाहूनच करता येते. काही यंत्रांवर फुल हाऊसला 9 ऐवजी 8 आणि फ्लशला 6 ऐवजी 5 दिलेले असतात. बाकी सर्व सारखेच दिसते. फुल हाऊस 1.15 टक्के आणि फ्लश 1.10 टक्के वेळा येत असल्यामुळे प्रत्येकी एका नाण्याची कपात परतावा 2.25 टक्क्यांनी खाली आणते. खेळ थोडा बदलून त्यातला अगदी किरकोळ अंश परत मिळवता येतो, आणि प्रत्यक्ष आकडा 97.30 टक्के येतो. 6 आणि 5 अशा तक्त्यावर तो 95 टक्क्यांपर्यंत घसरतो. म्हणून यंत्राच्या काचेवरच्या या दोन ओळी आधी वाचाव्यात. रंगरूप, नाव, कोपऱ्यातली जागा यांना काही अर्थ नाही.

अर्थात हे सर्व गणित पत्ते खरोखर पिसलेल्या कॅटसारखे येतात, या गृहीतकावर उभे आहे. अमेरिकेतील नेवाडा राज्याच्या नियमांनुसार पत्त्यांचा खेळ दाखवणाऱ्या यंत्रात प्रत्येक पत्त्याची संभाव्यता खऱ्या कॅटइतकीच असावी लागते. जेथे असा नियम नाही किंवा तो पाळला जातो याची खात्री नाही, तेथे तक्त्यावरून काढलेल्या परताव्यावर विसंबू नये.

टक्के आणि रुपये

रॉयलचे 800 हे बक्षीस पाच नाणी लावली तरच मिळते. एक नाणे लावले तर 250. फरक 550 नाण्यांचा, त्याला रॉयलच्या संभाव्यतेने गुणले की परतावा 1.36 टक्क्यांनी घटतो. खेळ थोडा बदलून यातलेही थोडे वाचवता येते. म्हणून नेहमी पाच नाणी लावावीत, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. मला हा सल्ला अपुरा वाटतो. तासाला 500 डाव धरू. 10 रुपयांची पाच नाणी लावली तर तासाभरात 25,000 रुपयांची उलाढाल होते आणि 0.456 टक्क्यांनी सरासरी तोटा 114 रुपये येतो. एकच नाणे लावले तर उलाढाल 5,000 रुपये आणि तोट्याचा दर 1.82 टक्के धरला तरी तोटा 91 रुपये. टक्केवारी वाईट, पण रुपये कमी. दोन रुपयांची पाच नाणी लावता आली तर तोटा 23 रुपयांवर येतो. परतावा टक्क्यांत असतो आणि पैसे रुपयांत जातात. उलाढालीचा गुणाकार केल्याशिवाय एकातून दुसरे कळत नाही. 97.30 टक्क्यांच्या यंत्रावर 25,000 रुपयांच्या उलाढालीमागे हाच तोटा 675 रुपये होतो.

येथेच ‘99.54 टक्के’ या आकड्याविषयीचा नेहमीचा गैरसमज दूर होतो. हजार रुपये घेऊन बसलो तर 995 रुपये घेऊन उठू, असा त्याचा अर्थ नाही. तेच हजार रुपये यंत्रातून पुन्हा पुन्हा फिरतात, आणि प्रत्येक फेरीत त्यांवर तोट्याचा दर लागतो.

सरासरीभोवतीची चढउतार

अपेक्षित परतावा चढउताराविषयी काहीच सांगत नाही. त्यासाठी प्रमाण विचलन, म्हणजे निकाल सरासरीपासून साधारण किती दूर जातात याचे माप, पाहावे लागते. या यंत्रासाठी एका डावाचे प्रमाण विचलन लावलेल्या रकमेच्या सुमारे 4.42 पट आहे. ते डावांच्या संख्येच्या वर्गमूळाने वाढते, म्हणून 10,000 डावांसाठी 100 पट वाढून 442 होते, तर अपेक्षित तोटा फक्त 45.6 असतो. 50 रुपयांच्या डावात बोलायचे तर अपेक्षित तोटा 2,280 रुपये आणि चढउतार 22,100 रुपयांची. वीस तास खेळूनही माणूस हजारो रुपये पुढे किंवा त्याहून जास्त मागे असू शकतो, आणि दोन्हींचा त्याच्या कौशल्याशी संबंध असेलच असे नाही. अपेक्षित तोटा आणि चढउतार सारख्या होण्यासाठी सुमारे 9,40,000 डाव लागतात.

शिवाय ही चढउतार दोन्ही बाजूंना सारखी पसरलेली नाही. 40,391 डावांत एकही रॉयल न येण्याची संभाव्यता सुमारे 37 टक्के आहे. रॉयल येत नाही तोवर यंत्राचा परतावा 97.56 टक्केच असतो. त्यामुळे अचूक खेळणाऱ्यालाही बहुतेक काळ आपण अपेक्षेहून मागे पडतो आहोत असे दिसते, आणि ते दिसणे बरोबरच असते.

कराचा परिणाम

परदेशी मार्गदर्शकांमध्ये न सापडणारी एक पायरी भारतातील वाचकाने जोडायला हवी. आपल्याकडे पत्त्यांच्या खेळात जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के आयकर लागतो, वर उपकर वेगळा, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. उपकर सोडून, कर फक्त रॉयलवरच कापला गेला असे सोपे गृहीतक घेऊ. 10 रुपयांच्या पाच नाण्यांवर रॉयलचे 40,000 रुपये मिळतात आणि त्यातले 12,000 करात जातात. म्हणजे तक्त्यातले 800 प्रत्यक्षात 560 झाले. 240 ला 0.00002476 या संभाव्यतेने गुणले की 0.59 टक्के येतात, आणि परतावा 98.95 टक्क्यांवर उतरतो. रॉयलसाठी सत्ती टाकण्याचे मूल्यही 18.43 वरून 13.32 वर येते. निर्णय मात्र बदलत नाही. कराचा आकडा वेगळा धरून हीच आकडेमोड पुन्हा करता येते.

सरावाची पद्धत

कॅट पिसून पाच पत्ते मांडावेत, उरलेले 47 पत्ते चार ओळींत लावावेत आणि वहीत तीन रकाने करावेत: विचारात घेतलेले पर्याय, प्रत्येकाचे मूल्य, आणि मोजण्याआधी आपण जो पर्याय निवडला असता त्याचे सर्वोत्तम पर्यायापासूनचे अंतर. तिसऱ्या रकान्यातील आकडा लावलेल्या रकमेने गुणला की आपल्या अंदाजाची किंमत रुपयांत कळते. एक पत्ता बदलायचे हात सुरुवातीला घ्यावेत, कारण त्यांत 47 ने भागण्यापलीकडे काही नसते. दोन आणि तीन पत्त्यांचे हात नंतर.

सुरुवातीसाठी हा हात घ्या: चौकटचा गुलाम, दश्शी, नव्वी आणि अठ्ठी, सोबत किलवरचा गुलाम. मोठी जोडी ठेवण्याचे मूल्य वर काढलेलेच आहे, 1.54. चौकटचे चार पत्ते ठेवले तर चौकटची राणी किंवा सत्ती स्ट्रेट फ्लश करते, 100. चौकटचे इतर सात पत्ते फ्लश, 42. बाकी रंगांच्या तीन राण्या आणि तीन सत्त्या स्ट्रेट, 24. उरलेले दोन गुलाम जोडी, 2. बेरीज 168, भागिले 47, म्हणजे 3.57. राजांच्या हातात जी जोडी राखायची होती, ती येथे मोडायची आहे.